फायबरग्लासच्या घरगाडीवरील तडे : त्यांची पारख व दुरुस्ती

धान्याच्या घाऊक व्यापारात चाळीस वर्षे घालविलेल्या मनुष्याने फायबरग्लासवर लेख लिहावा, याचे वाचकबंधूंस नवल वाटणे साहजिक आहे. म्हणून खुलासा आरंभीच करतो. आमचा धाकटा मुलगा अमेरिकेत इंडियाना राज्यात नोकरीनिमित्त राहतो व त्याच्याकडे आम्ही उभयतांनी दोन उन्हाळे काढले. त्याच राज्यात एल्कहार्ट नावाचे शहर आहे. त्याच्या आसपासचा मुलूख म्हणजे घरगाड्यांचे आगरच होय. अमेरिकेत तयार होणाऱ्या अशा गाड्यांपैकी बहुतांश तेथेच बनतात. मुलाकडेही एक जुनी घरगाडी होती व तिच्या अंगावर तडे गेले होते. ती दुरुस्त होत असता आम्ही प्रथम शेजारी खुर्ची टाकून बसलो, पुढे खुर्ची सोडून काचकागद हाती घेतला. जे पाहिले, जाणत्यांस विचारले व वाचून ताडून घेतले, ते येथे मांडीत आहोत.

घरगाडी म्हणजे निजण्याची, स्वयंपाकाची व न्हाणीची सोय असलेली प्रवासाची गाडी. काहींना स्वतःचे इंजिन असते, काही मोटारीच्या मागे जोडून ओढीत नेतात. हा विषय आपणांस सर्वस्वी परका आहे असे मात्र कोणी समजू नये. आपल्या कित्येक कुटुंबांतील मुले व नातवंडे अमेरिका-कॅनडात स्थायिक झाली आहेत. सुटीसाठी अशी जुनी गाडी घेण्याचा विचार त्यांच्या घरी होतो व पैशाचा प्रश्न आला की फोन इकडे वडिलांस येतो. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले असून, या धंद्यात पैसा घालावा काय, असे आम्हांस दोघा-तिघा सभासदांनी विचारले आहे. शिवाय गोव्याच्या किनाऱ्यावरील कित्येक लहान होड्या व कारखान्यांतील अनेक टाक्या याच पदार्थाच्या असतात. तेव्हा गाडीची गोष्ट पुष्कळ अंशी त्यांनाही लागू पडते.

प्रथम हा पदार्थ काय आहे ते पाहू. काचेचे अतिशय बारीक तंतू काढून त्यांची मॅट किंवा कापड करतात व ते रेझिन नावाच्या घट्ट होणाऱ्या द्रवात भिजवून साच्यात थापतात. रेझिन वाळले की तंतू व रेझिन मिळून एकजीव कवच होते. ताण सोसण्याचे बळ तंतूंचे, त्यांना जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम रेझिनचे. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत काचतंतूंचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. १९५३ मध्ये शेव्हरोले कंपनीने कॉर्व्हेट ही मोटार फायबरग्लासच्या अंगाची काढली. त्या पहिल्या वर्षी तिच्या अवघ्या ३०० गाड्या बनल्या. १९६८ मध्ये कॅनडातील विनिपेग शहरी बोलर नावाची अंड्याच्या आकाराची लहान ओढगाडी निघाली. वरचे व खालचे अशी दोन कवचे मधोमध जोडून ती केलेली असे. अशा गाड्या आजही रस्त्यावर धावताना दिसतात, यावरून हा पदार्थ किती टिकाऊ आहे हे ध्यानी येईल.

मग तडे का पडतात? कारण या कवचावर सर्वांत बाहेर जेलकोट नावाचा रंगीत, चकचकीत थर असतो. साच्यात तो सर्वांत आधी फवारतात, त्यामागे मॅट व रेझिन येते. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. त्यात तंतू मुळीच नसतात. म्हणून आतले कवच वाकून पुन्हा सरळ होते, परंतु जेलकोटला तेवढे वाकणे सोसत नाही व तो फुटतो. भिंतीच्या विटा धड असताना गिलाव्यास भेगा पडाव्यात, तसाच हा प्रकार. कारखान्यात जेलकोट प्रमाणाबाहेर जाड फवारला गेला असेल तर तो अधिकच लवकर फुटतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. सर्व घरगाड्यांच्या भिंती सारख्या नसतात. बोलरसारख्या गाडीचे अंग म्हणजे निव्वळ फायबरग्लासचे घन कवच. उलट आजच्या बहुतेक मोठ्या गाड्यांच्या बाजूच्या भिंती थरांच्या असतात : बाहेर फायबरग्लासचा पातळ पत्रा, त्यामागे पातळ प्लायवुड, मध्ये थर्मोकोलसारखा फोम व अॅल्युमिनियमची चौकट, आणि हे सारे सरसाने चिकटविलेले. घन कवचात पाणी गेले तर फारसे नासत नाही. थरांच्या भिंतीत पाणी शिरले की प्लायवुड कुजते, चिकटवण सुटते व बाहेरचा पत्रा फुगून येतो. सारांश, एकच तडा एका गाडीवर केवळ सौंदर्याची बाब ठरतो, तर दुसरीवर तो निम्म्या गाडीचा प्रश्न असतो. भाव करण्यापूर्वी हा भेद ज्याने ओळखला नाही, त्याने डोळे मिटून माल घेतला असे आम्ही म्हणू.

आमच्या एका पुतण्याचे नेमके असेच झाले. तो शेजारच्या राज्यात असतो. त्याने एका विक्रेत्याकडून थरांच्या भिंतीची जुनी घरगाडी घेतली. मागच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक वीतभर तडा निघाला होता व त्यात ताजे पांढरे सिलिकोन भरलेले होते. "नुसती वरची चीर आहे, साहेब," असे विक्रेत्याने सांगितले व किमतीत थोडीशी सूट दिली. हिवाळा गेल्यावर आतल्या कपाटाची पाठ हाताला मऊ लागू लागली. फळी काढून पाहता मागचे प्लायवुड काळे पडून बोटाने उकरावे असे झाले होते. पाणी त्या तड्यातून आलेच नव्हते! ते छताच्या व भिंतीच्या सांध्यातून कित्येक महिने उतरत होते. लाकूड सैल पडले, भिंत हलू लागली व म्हणून खिडकीच्या कोपऱ्यात तडा गेला. पुढे आलेला खर्च मिळालेल्या सुटीच्या कित्येक पट होता. मुलांच्या शिक्षणासाठी बाजूस ठेवलेली रक्कम त्यात गेली व त्या घरात काही काळ बोलाचाली झाली, ती आम्हीच मध्ये पडून मिटविली.

तेव्हा तड्याकडे कारण शोधण्याच्या नजरेने पाहावे. तो कोठे आहे व त्याचा आकार कसा, यावरून पुष्कळ समजते. एका बिंदूपासून चांदणीसारख्या रेषा फुटलेल्या असतील तर तेथे काही आदळले आहे, किंवा एखादा स्क्रू बेताबाहेर आवळला आहे. खिडकी वा दार यांच्या कोपऱ्यातून तिरपी रेषा निघाली असेल तर गाडीचे अंग पिळवटत आहे. पोत्याला काप दिला की पुढे ते त्या कापाच्या टोकापासूनच फाटते. भिंतीत कापलेल्या भोकाच्या कोपऱ्यावर ताण तसाच एकवटतो. समांतर अशा अनेक रेषा दिसल्या तर तो भाग वारंवार वाकत आहे. चाकांच्या वर व चौकटीला पुरेसा आधार नसेल तेथे त्या आढळतात. मागच्या शिडीच्या बोल्टांभोवती तडे असतील तर कारण उघडच आहे : शिडीवरून माणसे चढतात. उन्हाकडील अंगावर नकाशासारखे बारीक जाळे पसरले असेल तर ते बहुधा ऊन व वय यांचे काम, व त्यात भिण्यासारखे थोडे. परंतु जेथे पत्रा फुगलेला किंवा लाटेसारखा दिसतो, तेथे तडा नसला तरी सावध व्हावे. सकाळी वा सायंकाळी भिंतीच्या एका टोकाशी उभे राहून तिरप्या उजेडात नजर लांबवर टाकली की असा फुगवटा चटकन उठून दिसतो. भर दुपारी तो दिसत नाही.

यानंतर हात लावून पाहण्याची पाळी. तड्यावरून आडवे नख फिरवावे. नख अडले नाही तर चीर बहुधा वरवरची. अडले तर दोन्ही बाजूंस अंगठ्याने दाबावे. कडा एकमेकींपासून वेगळ्या हलल्या, तर तडा कवचापर्यंत पोचला आहे. मग नाण्याने किंवा प्लास्टिकच्या मुठीने हलकेच ठोकत जावे. आपल्या वाडवडिलांची पिढी चांदीचा रुपया दगडावर वाजवून घेत असे, त्याच कानाने हा आवाज ऐकावयाचा. धड भिंत खणखणीत बोलते. थर सुटलेले असतील तेथे आवाज बद्द येतो. प्रथम निश्चित धड असलेल्या जागी ठोकून कान बसवून घ्यावा व मग संशयित जागेकडे यावे. जेथे आवाज बदलला तेथे पेन्सिलीने खूण करीत गेले की सुटलेल्या भागाची हद्द आपोआप आखली जाते. ही परीक्षा फुकट आहे व कोणताही प्रामाणिक विक्रेता तिला हरकत घेणार नाही.

ओलावा मोजण्याचे यंत्रही मिळते. धान्याचा ओलावा मोजणारे यंत्र आपण रोज वापरतोच. हे त्याचेच भावंड, फक्त सुया न टोचता भिंतीला टेकवून ओलावा दाखविणारे. त्याचा आकडा मात्र वेदवाक्य मानू नये, कारण मागे अॅल्युमिनियमची पट्टी असेल तर आकडा वाढतो. एकाच भिंतीवरील कोरडी जागा व संशयित जागा यांची तुलना करावी. आतून कपाटे उघडून कोपरे हुंगावेत, खिडक्यांखाली डाग पाहावेत, न्हाणीशेजारची जमीन पायाने दाबून पाहावी. गळती वर असते व डाग खाली पडतो, हे लक्षात ठेवून शोध नेहमी वरच्या दिशेने चालू ठेवावा. छतावरील सांधे, झरोके व दिव्यांच्या तळपट्ट्या येथील सीलंट तडकलेले आढळले तर अर्धे कोडे सुटले. घट्ट बसलेल्या पोत्याच्या पोटात पोकळ सळई खुपसून नमुना काढल्याखेरीज आपण सौदा करीत नाही. येथे सळई चालत नाही, म्हणून नाक, कान व बोटे यांनी तेच काम करावयाचे.

तडा जुना की चालू, हेही ठरवावे लागते. जुन्या तड्याच्या कडा मळलेल्या असतात, नव्याच्या स्वच्छ. खात्रीचा उपाय म्हणजे दोन्ही टोकांशी पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख घालावी व एक-दोन प्रवासांनंतर पुन्हा पाहावे. रेघेपलीकडे तडा सरकला असेल तर कारण अद्याप जिवंत आहे. अशा तड्यावर कितीही सुबक मलमपट्टी केली तरी ती उखडणारच.

हे जिवंत कारण पुष्कळदा वजन असते, आणि येथे आम्हां वजनकाट्याच्या माणसांस रस वाटला. प्रत्येक गाडीवर तिने किती भार वाहावा याची पट्टी लावलेली असते. ती वाचणारे थोडे. अमेरिकन गॅलन म्हणजे सुमारे ३.८ लिटर. साठ गॅलनची पाण्याची टाकी भरली की २२७ किलो, म्हणजे सव्वादोन क्विंटल वजन एकाच ठिकाणी बसले. त्यात मागच्या बाजूस सायकली व जनरेटर टांगले की मागची चौकट खाली झुकते व वरच्या भिंतीत तडा उमटतो. तिकडे हमरस्त्यालगत ट्रकच्या थांब्यांवर काटे आहेत, तेथे अल्प शुल्कात प्रत्येक आसाचे वजन वेगळे मिळते. मुलाच्या गाडीचे वजन आम्ही आग्रहाने करविले. मागचा आस मर्यादेच्या वर भरला. सामान पुढे सरकवून व टाकी अर्धी ठेवून प्रवास करू लागल्यावर मागची रेघ जेथल्या तेथे राहिली. गाडी उभी करताना चार कोपऱ्यांचे टेकू सारखे न लावल्यानेही अंग पिळवटते. दार घासू लागले तर टेकू पुन्हा तपासावेत.

कारण दूर झाले व भिंत कोरडी झाली, की दुरुस्ती फारशी अवघड नाही. पहिले काम धुण्याचे. साबणाने, मग मेण व सिलिकोन काढणाऱ्या द्रावाने जागा स्वच्छ करावी. धुण्याआधीच घासले तर पृष्ठावरील मेण कणाकणाने आत रगडले जाते व पुढचे काहीही चिकटत नाही. घाईने केलेल्या निम्म्या दुरुस्त्या येथेच बिघडतात, असे मुलाच्या शेजारचा वृद्ध कारागीर म्हणे. तड्यात सिलिकोन कोंबणे तर शत्रूच्याही गाडीस करू नये. ते पाणी धड रोखीत नाही व नंतर येणाऱ्या प्रत्येक लेपास परतवून लावते.

चीर फक्त जेलकोटची असेल तर तिच्यावर नुसता लेप फासून उपयोग नाही, कारण इतक्या बारीक फटीत तो उतरत नाही. टोकदार खरवडणीने चीर मुद्दाम रुंद करून तिला इंग्रजी व्ही अक्षरासारखी चर करावी व ती दिसणाऱ्या टोकाच्या थोडी पुढेपर्यंत न्यावी. मग त्याच रंगाचा जेलकोट हार्डनर घालून भरावा; वाळताना तो आकसतो, म्हणून किंचित उंच ठेवावा. जेलकोटचा एक स्वभाव असा की हवा लागली तर त्याचा वरचा पृष्ठ चिकट राहतो. यासाठी त्यात मेणाचे द्रावण घालतात किंवा वरून प्लास्टिकचा कागद चिकटवितात. पूर्ण घट्ट झाल्यावर ३२० नंबरच्या काचकागदापासून चढत चढत १५०० किंवा २००० पर्यंत पाणी घालून घासावे व पॉलिश करावे. नव्या गाडीचा रंग डब्यातून मिळाला तरी जुन्या, उन्हाने विटलेल्या अंगावर तो उठून दिसतो. रंग जुळविणे ही या कामातील सर्वांत कटकटीची बाब आहे. दोन हातांच्या अंतरावरून ओळखू न आला म्हणजे झाले, असे समजून पुढे जावे.

तडा कवचाच्या आरपार असेल तेव्हा काम वेगळे. तड्याच्या दोन्ही टोकांस सुमारे ३ मिलिमीटरचे गोल भोक पाडावे. ताण त्या गोलाईत पसरतो व तडा पुढे धावत नाही. मग दोन्ही बाजूंचे फायबरग्लास उतरते घासून काढावे. उतार जाडीच्या निदान बारापट असावा, असा नियम आहे. कवच ३ मिलिमीटर असेल तर प्रत्येक बाजूस ३६ मिलिमीटर. नवख्यास इतके धड अंग घासून टाकणे जिवावर येते. परंतु नव्या थरास चिकटण्यास जागा मिळते ती या उतारावरच. मग मॅटचे तुकडे रेझिनमध्ये भिजवून थरावर थर द्यावेत व प्रत्येक थरातील हवेचे बुडबुडे ब्रशने वा दातेरी रोळीने दाबून काढावेत. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीचपट रेझिन पुरे. अधिक घातल्याने बळ वाढत नाही, उलट ठिसूळपणा येतो. शक्य तेथे आतून कपाट काढून मागूनही एक ठिगळ द्यावे.

रेझिन कोणते, हा वाद कारागिरांत नेहमीचा. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त असते व मूळ गाडी बहुधा त्याचीच केलेली असते. इपॉक्सी महाग, परंतु जुन्या अंगास अधिक घट्ट धरते. मात्र इपॉक्सीवर जेलकोट नीट बसत नाही, त्यावर रंगच द्यावा लागतो. आणि नेहमीच्या मॅटमधील तंतू बांधणारी खळ पॉलिएस्टरमध्येच विरघळते, म्हणून इपॉक्सीबरोबर विणलेले काचकापड घ्यावे. आमचे मत विचाराल तर, ताण सोसणाऱ्या आरपार तड्यास इपॉक्सी व रंग, आणि वरवरच्या चिरेस जेलकोट.

पॉलिएस्टरमध्ये हार्डनर वजनाने शेकडा १ ते २ घालतात. त्याहून कमी घातले तर काम कच्चे राहते, अधिक घातले तर ते तापून तडकते. हवा १५ अंशांहून थंड असता, किंवा आपल्याकडील ऐन पावसाळ्यात भिंत दमट असता, हे काम हाती घेऊ नये. एका वेळी वाटीभरच मिश्रण करावे. मोठ्या भांड्यात ते आपल्याच उष्णतेने धुमसू लागते. येथे एक इशारा ठळक अक्षरांत छापावा अशी संपादकांस विनंती. अमेरिकेत मिळणाऱ्या रेझिनमध्ये वेग वाढविणारे द्रव्य बहुधा आधीच मिसळलेले असते. आपल्या बाजारात रेझिन, कोबाल्ट व हार्डनर अशा तीन वेगळ्या वस्तू पुष्कळदा हाती देतात. कोबाल्ट व हार्डनर ही दोन द्रव्ये एकमेकांत कधीही थेट मिसळू नयेत. तत्क्षणी भडका उडू शकतो. प्रथम रेझिनमध्ये कोबाल्ट घालून पूर्ण ढवळावे व मगच हार्डनर घालावा. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टी जाण्याचा धोका असतो, म्हणून चष्म्याविना डबा उघडू नये. घासताना उडणारी काचेची धूळ श्वासात जाऊ नये यासाठी चांगला मास्क व अंगभर कपडे हवेत. साधा रुमाल बांधून भागत नाही. मुलांस त्या अंगणात फिरकू देऊ नये.

पत्रा फुगून थर सुटले असतील तर भोके पाडून आत इपॉक्सी सोडतात व फळ्या-टेकूंनी भिंत दाबून धरतात. प्लायवुड कोरडे व शाबूत असेल तर याने काम भागते. कुजले असेल तर भिंतीचा तो भाग उघडून नवा बसविण्यावाचून गत्यंतर नाही, आणि ते घरी करण्याचे काम नव्हे. जुनी गाडी घेणाऱ्याने असा फुगवटा हाताएवढा जरी दिसला, तरी कोणत्याही सुटीच्या मोहात न पडता दुसरी गाडी पाहावी.

दुरुस्तीनंतर स्क्रू परत बसविताना भोक किंचित मोठे करून त्याची कड हलकी तासावी, म्हणजे स्क्रू जेलकोटला चिरीत नाही. खिडकीच्या चौकटीखाली ब्युटिलची चिकटपट्टी घालावी. छताचे सांधे वर्षातून दोनदा, विशेषतः हिवाळ्यापूर्वी पाहावेत. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते व केसाएवढ्या फटीचे बोटाएवढे भगदाड करते. मुलाच्या दाराशेजारील चांदणीच्या आकाराचा तडा आम्ही वरील रीतीने भरला, त्यास दोन हिवाळे झाले व पेन्सिलीची रेघ त्याने ओलांडलेली नाही. उरलेले रेझिन सावलीत, थंड जागी, हार्डनरपासून दूर ठेवावे व डब्यावर खरेदीची तारीख लिहावी. वर्षभराने ते डब्यातच घट्ट होऊ लागते, तेव्हा पुढच्या हंगामासाठी म्हणून मोठा डबा घेऊन ठेवू नये.